टाकून दिलेली आगबोट

जहाज बुडू लागले म्हणजे कप्तानाने सर्व उतारूंना होड्यांत उतरवावे, आपण अखेरपर्यंत जहाजावर उभे राहावे, आणि तशीच वेळ आली तर जहाजाबरोबर समुद्राचा तळ गाठावा, ही कल्पना आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे, की तो कायदाच असावा असे बहुतेकांस वाटते. ज्यांचा समुद्राशी परिचय भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यापलीकडे नाही, त्यांनाही ती ठाऊक असते. याच मार्गावर १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ आगबोट बुडून सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. अशा दुर्घटनेची आठवण निघाली, की वादळाचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, याचा हिशेब होण्यापूर्वीच एक प्रश्न तोंडी येतो : त्या वेळी कप्तान कोठे होता?

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले आहेत. कप्तानाने कोठे असावे, हे कोणी ठरवले? आणि तो तेथे नसला, तर त्यास शासन कोणी व किती करावे? धैर्य हा मनाचा गुण आहे. तो कायद्याच्या कलमाने अंगी आणता येत नाही. मग भ्याडपणाची शिक्षा तरी कायद्याने कशी ठरवावी? समुद्रावरच्या कायद्याने या प्रश्नांची उत्तरे फार हळूहळू, आणि बहुधा प्रेते मोजून झाल्यावर दिली आहेत. मात्र एक प्रसंग असा आहे, की ज्यात जहाज बुडालेच नाही, आणि ते बुडाले नाही म्हणूनच सारा प्रश्न उघडा पडला. तो प्रसंग म्हणजे १८८० सालचे ‘जेद्दा’ आगबोटीचे प्रकरण. ते सांगण्यापूर्वी कप्तानाच्या अधिकाराचा थोडा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे.

जहाजाच्या मुख्यास फारसीत ‘नाखुदा’ म्हणतात. नाव आणि खुदा या दोन शब्दांचा हा समास; अर्थ, नावेचा धनी. आपल्या किनाऱ्यावरचा ‘नाखवा’ त्याच घराण्यातला. हा धनी बहुधा जहाजाचा मालक नसतो. मालक बंदरात पेढीवर बसलेला असतो. तरीही त्यास धनी म्हणावयाचे, यातच त्याच्या अधिकाराचे मर्म आहे. किनारा दृष्टीआड झाला की तेथे कोतवाल नसतो, न्यायाधीश नसतो, मालकाचा सल्ला घेण्याची सोय नसते. भांडण मिटवावयाचे, अन्नपाणी वाटून द्यावयाचे, वादळात माल फेकावयाचा की डोलकाठी तोडावयाची हे ठरवावयाचे, तर ते कोणी तरी एकाने, तत्काळ आणि अपिलावाचून ठरवले पाहिजे. जमिनीवर जो अधिकार दहा अंमलदारांत वाटलेला असतो, तो समुद्रावर एका माणसाच्या हाती एकवटतो. एवढा अधिकार देऊन त्याचा जाब मागावयाचा कसा, हाच समुद्री कायद्याचा सर्वांत जुना प्रश्न होय.

आरंभी हा जाब मुख्यतः मालाचा मागितला गेला. रोमन कायद्याने कप्तानाने जहाजाच्या कामी केलेले करार जहाजाच्या चालकावर बंधनकारक ठरवले, आणि ताब्यात घेतलेला माल जसाच्या तसा परत करण्याची जबाबदारी नावाड्यांवर टाकली. रोड्स बेटाचा म्हणून जो नियम रोमन ग्रंथात आला आहे, तो असा, की सर्वांच्या बचावासाठी एकाचा माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान सर्वांनी मिळून सोसावे. आपल्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही नौकाप्रवासाचा निर्णय आहे. नावाड्यांच्या अपराधाने नावेतील वस्तूंचा नाश झाला, तर त्यांनी तो आपापल्या अंशाने भरून द्यावा. दैवी आपत्तीने झाला, तर त्यांना दंड नाही. अपराध कोणता आणि दैव कोणते, ही जी रेषा येथे आखली आहे, तिच्याच दोन बाजूंस उभे राहून वकील आजपर्यंत भांडत आले आहेत.

मध्ययुगात फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओलेराँ बेटाच्या नावाने जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांत कप्तान अधिक जवळून दिसतो. बंदरात वारा पाहत थांबलेल्या कप्तानाने निघण्यापूर्वी आपल्या सोबत्यांस हवेविषयी विचारावे. बहुमत विरुद्ध असता तो निघाला आणि जहाज गेले, तर नुकसान त्याच्या माथी. खलाशाने कप्तानाचा एक तडाखा सहन करावा. दुसरा बसला तर त्यास आपला बचाव करण्याची मोकळीक आहे. हे नियम कोणा राजाच्या दरबारात सुचलेले दिसत नाहीत. खाऱ्या वाऱ्यात आयुष्य घालवलेल्या, एकमेकांच्या रागलोभाची पुरती ओळख असलेल्या माणसांनी ते केले असावेत, असे वाचताना पदोपदी वाटते. तथापि त्यांतही माणसांच्या जिवापेक्षा द्राक्षमद्याच्या पिंपांचा विचार अधिक बारकाईने केलेला आहे.

ही परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालत आली. १८०१ साली इंग्लंडच्या नाविक न्यायालयात ‘ग्राटिट्यूडीने’ नावाच्या जहाजाचा खटला चालला. मोडतोड होऊन ते लिस्बन बंदरात अडकले होते, आणि दुरुस्तीसाठी कप्तानाने जहाजाबरोबर त्यातील परक्यांचा मालही गहाण टाकून कर्ज काढले होते. न्यायमूर्ती सर विल्यम स्कॉट यांनी ते कर्ज वैध ठरवले. कप्तान हा एरवी मालाचा केवळ वाहक असला, तरी संकट आणि मालकाशी दळणवळणाचा अभाव या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे गरजच त्यास मालधन्याचा मुखत्यार बनवते, असा त्या निकालाचा आशय आहे. किती सूक्ष्म विचार हा! दूरच्या व्यापाऱ्याच्या फळफळावळीच्या वतीने बोलण्याचा अधिकार कप्तानास कोणत्या क्षणी प्राप्त होतो, हे कायद्यास नेमके सांगता येत होते. परंतु जहाजाच्या पोटात दाटीवाटीने बसलेल्या माणसांच्या वतीने त्याने काय केलेच पाहिजे, या विषयी तोच कायदा मोघम बोलत असे.

आता ‘जेद्दा’कडे वळू. ही आगबोट १८७२ साली स्कॉटलंडातील डंबार्टन येथे बांधली गेली. ती सिंगापूरच्या एका अरब व्यापारी घराण्याच्या कंपनीची होती, तिच्यावर इंग्रजी निशाण होते, आणि हजच्या यात्रेकरूंची ने-आण हा तिचा मोठा धंदा होता. १७ जुलै १८८० रोजी ती सिंगापूरहून निघाली. पिनांगला आणखी यात्रेकरू घेऊन ती अरबस्तानातील जेद्दा बंदराकडे जावयास लागली, तेव्हा तीवर पुरुष, बायका व मुले मिळून नऊशेहून अधिक उतारू होते. कप्तान जोसेफ लुकास क्लार्क हा इंग्रज होता. त्याची पत्नी बरोबर होती. इतक्या माणसांस पुरतील एवढ्या होड्या जहाजावर नव्हत्या, आणि त्या काळच्या नियमांनी तशा त्या मागितल्याही नव्हत्या.

ऑगस्टच्या आरंभी आफ्रिकेच्या टोकाजवळ पावसाळी वाऱ्यांनी जहाजास गाठले. बॉयलर आपल्या बैठकीवरून सुटून हलू लागले. पाचरी ठोकून त्यांना आवळण्याचा यत्न झाला. पण समुद्र वाढतच गेला, पाचरी निखळल्या, नळांचे सांधे तुटले, आणि यंत्रगृहात पाणी शिरले. यात्रेकरू आणि खलाशी पाळीपाळीने पाणी उपसू लागले. अखेर यंत्र बंद पडले. ग्वार्दाफुई भूशिराजवळच्या समुद्रात ती अजस्र आगबोट लाटांवर पडून राहिली.

७ ऑगस्टच्या रात्री कप्तानाने होड्या तयार करण्याचा हुकूम दिला. यात्रेकरूंनी यावरून जे समजावयाचे ते समजून घेतले. रात्र अंधारी, पाणी चढते, भाषा एकमेकांस न कळणारी. ज्यांच्या हाती आपला जीव, तेच निघून जाणार असा संशय एका बाजूस. हे लोक आता आपणांस मारतील, अशी धास्ती दुसऱ्या बाजूस. पहिला अधिकारी ऑगस्टीन पॉडमोर विल्यम्स याने ही धास्ती कप्तानाच्या मनात अधिकच भरवली, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. ८ ऑगस्टच्या पहाटे कप्तान, त्याची पत्नी, पहिला अधिकारी, मुख्य इंजिनिअर आणि आणखी काही खलाशी एका होडीत उतरून निघून गेले. संतापलेल्या उतारूंनी हाती सापडेल ते होडीवर फेकले. दुसरा अधिकारी दुसऱ्या होडीतून निघू पाहत होता. उतारूंनी त्यास अडवले, त्या झटापटीत होडी खाली कोसळली, आणि तो काही उतारूंसह बुडाला.

निघून गेलेल्यांस त्याच दिवशी ‘सिंदिया’ नावाच्या आगबोटीने उचलले आणि १० ऑगस्ट रोजी एडनला उतरवले. तेथे त्यांनी सांगितले, की ‘जेद्दा’ बुडाली, तीवरील सर्व यात्रेकरू गेले, आणि यात्रेकरूंनी आमच्या माणसांवर हत्यार उचलले होते. ही वार्ता तारेने सिंगापूरला व लंडनला पोचली. कप्तानाचा शब्द तो. त्याविरुद्ध साक्ष देणार कोण? समुद्र साक्ष देत नाही.

परंतु दुसऱ्याच दिवशी, ११ ऑगस्टला, ‘अँटेनॉर’ नावाची आगबोट एडन बंदरात आली. तिच्या मागे दोरखंडाने बांधलेली ‘जेद्दा’ होती, आणि तीवर ते शेकडो यात्रेकरू जिवंत उभे होते.

घडले होते ते असे. मागे राहिलेल्या थोड्या खलाशांनी आणि यात्रेकरूंनी पाणी उपसणे सोडले नव्हते. त्यांनी संकटाचे निशाण चढवले. शांघायहून लंडनला जात असलेल्या ‘अँटेनॉर’ने ते पाहिले. तिचा पहिला अधिकारी कॅम्बेल हा ‘जेद्दा’वर चढला, त्याने पाण्याची पातळी पाहिली, उपसण्याचे काम नेटाने चालू ठेवले, आणि दोरखंड जोडून घेतला. जहाज तेच, गळती तीच, उतारूही तेच. ज्यांच्या भीतीने एक कप्तान आपले जहाज टाकून गेला, त्यांच्यातच एक परका अधिकारी येऊन उभा राहिला, आणि त्यांनी त्याचे ऐकले. कायद्याच्या कोणत्याही ग्रंथात नसेल असे भाष्य या एका गोष्टीने कप्तानाच्या कर्तव्यावर केले आहे.

एडन त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. १९३२ सालापर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. तेव्हा या प्रकरणाची चौकशी आपल्याच इलाख्याच्या एका दूरच्या कचेरीत झाली असे म्हणण्यास हरकत नाही. चौकशी न्यायालयाने कप्तानास दोषी धरले. बॉयलरची दुरवस्था ही त्याची मोठी चूक नव्हे. उतारूंना सोडून जाणे हा त्याचा खरा अपराध, आणि तो सारासार विचार व पौरुष या दोहोंच्या अभावाचा द्योतक, असा निकालाचा भाव होता. शिक्षा कोणती? कप्तानकीची सनद तीन वर्षांपुरती स्थगित. एवढीच.

नऊशेहून अधिक माणसे आणि तीन वर्षे! ही तुलना वाचताच मन चरकते. इंग्लंडच्या १८५४ सालच्या व्यापारी नौकानयनाच्या कायद्यात, जाणूनबुजून किंवा हयगयीने लोकांचे जीव धोक्यात घालणाऱ्या कप्तानास गुन्हेगार धरण्याची तरतूद होती. ती वापरावी असे कोणास वाटले नाही. याची कारणे अनेक संभवतात. जहाज वाचले, म्हणून परिणाम दिसत नव्हता. चौकशी न्यायालयाचा हात सनदेपुरताच पोचत होता. आणि उतारू हे पूर्वेकडील गरीब यात्रेकरू होते, हेही कारण नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. हेच उतारू लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाणारे असते, तर निकाल याच शब्दांत लागता काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. प्रकरण तेथेच संपले, असे मात्र नाही. सिंगापूरच्या विधिमंडळात त्याविषयी प्रश्न निघाले, वर्तमानपत्रांनी ते लावून धरले, आणि पुढे जोसेफ कॉनराड या लेखकाने याच घटनेवरून १९०० साली प्रसिद्ध झालेली ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी लिहिली. न्यायालयाने तीन वर्षांत मिटवलेला हिशेब वाङ्मयाने अजून मिटू दिलेला नाही.

या प्रकरणाचा एक उपसंहार फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. पण तो बोधप्रद आहे. ‘अँटेनॉर’च्या मालकांनी ‘जेद्दा’ वाचवल्याबद्दल मोबदल्याचा दावा केला. समुद्री कायद्यात संकटात सापडलेले जहाज किंवा माल वाचवणाऱ्यास त्याच्या किमतीच्या प्रमाणात बक्षीस मिळते, ही जुनी व न्याय्य रीत आहे. परंतु नुसते जीव वाचवणाऱ्यास त्या जुन्या रीतीप्रमाणे काहीच मिळत नसे; कारण ज्याची किंमत बाजारात ठरत नाही, त्यावर टक्केवारी बसवणार कशी? प्रथमदर्शनी हा नियम निष्ठुर वाटतो. आणि निष्ठुर तो होताही, कारण जेथे मोबदला नाही तेथे सक्तीही नव्हती. रिकामे तारू किनाऱ्यास ओढून आणण्यात लाभ होता. बुडणाऱ्या माणसांसाठी मार्ग बदलण्यात केवळ कोळसा व वेळ यांचा तोटा होता.

कायद्याचे मन या बाबतीत पालटत होते, याची खूण चार वर्षांनी दिसली. १८८४ साली ‘मिग्नोनेट’ नावाची एक लहान शिडाची नौका दक्षिण अटलांटिक महासागरात बुडाली. कप्तान टॉम डडली, दोन खलाशी आणि सुमारे सतरा वर्षांचा एक पोरगा, असे चौघे होडीत उरले. अन्न जवळजवळ नाही, पाणी नाही. विसाव्या दिवशी कप्तानाने त्या मरणोन्मुख पोरास ठार मारले, आणि तिघे त्याच्या देहावर जगले. चार दिवसांनी एका जहाजाने त्यांना उचलले. फाल्मथ बंदरात उतरल्यावर कप्तानाने जहाज बुडाल्याबद्दलची रीतीची जबानी दिली, आणि तीत घडलेले काहीही लपवले नाही. ‘जेद्दा’चा कप्तान खोटे सांगून किनाऱ्यास लागला होता, हा खरे सांगून फासाच्या दारात उभा राहिला. लोकांची सहानुभूती त्याच्या बाजूस होती.

तरीही लॉर्ड कोलरिज यांच्या न्यायासनाने निर्णय दिला, की गरज ही खुनाची सबब होऊ शकत नाही. त्या निकालात एक विचार आहे, तो कप्तानाच्या प्रश्नाला थेट भिडणारा आहे. जीव वाचवणे हे सामान्यतः कर्तव्य असले, तरी जीव देणे हेच सर्वांत उघड व श्रेष्ठ कर्तव्य ठरावे, असे प्रसंग असतात; आणि त्यांची उदाहरणे देताना न्यायमूर्तींनी जहाज फुटले असता कप्तानाचे खलाशांविषयीचे व खलाशांचे उतारूंविषयीचे कर्तव्य सांगितले. आरोपींस फाशी ठोठावली गेली, आणि नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आणली गेली. कायद्याने तत्त्व पूर्ण ठेवले आणि शिक्षा माणसास पेलेल इतकी केली. ‘जेद्दा’च्या निकालात शिक्षा हलकी होती व तत्त्वही अस्पष्ट होते; येथे निदान तत्त्व तरी स्वच्छ झाले.

पुढील शतकात ते तत्त्व हळूहळू कलमांत उतरले. टक्कर झालेल्या जहाजाने दुसऱ्यास मदत केल्यावाचून निघून जाऊ नये, हा नियम इंग्लंडात आधीच आला होता. १९१० साली ब्रुसेल्स येथे अनेक राष्ट्रांनी केलेल्या करारात याहून व्यापक नियम आला. आपले जहाज व माणसे गंभीर धोक्यात न घालता शक्य असेल, तर समुद्रात जीव जाण्याच्या संकटात असलेल्या कोणत्याही मनुष्यास, मग तो शत्रू का असेना, कप्तानाने मदत केलीच पाहिजे. वाचलेल्यांकडून मोबदला मागता येणार नाही, हेही त्याच करारात नमूद झाले. जुन्या नियमाचा निष्ठुरपणा असा नाहीसा झाला : जीव अमोल आहे म्हणून तो वाचवण्याची सक्ती नाही, असे न म्हणता, जीव अमोल आहे म्हणून तो वाचवणे हा व्यवहार नसून कर्तव्य होय, असे कायदा म्हणू लागला.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१२ साली, ‘टायटॅनिक’ बुडाली. तीवर सुमारे बावीसशे माणसे होती, आणि होड्यांत जागा ११७८ जणांची. तरीही नियमभंग झाला नव्हता. कारण होड्यांची संख्या माणसांवरून न ठरता जहाजाच्या टनांवरून ठरत असे. ‘जेद्दा’वरील यात्रेकरूंसाठी जो नियम कोणी बदलला नव्हता, तो धनिकांच्या जहाजाने बदलवला. १९१४ सालच्या आंतरराष्ट्रीय करारापासून प्रत्येक माणसास होडीत जागा, आणि बिनतारी यंत्रावर सतत पहारा, या गोष्टी मान्य झाल्या.

सर्वांत साधा, परंतु माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण उपाय म्हणजे जहाजाची रोजनिशी. खलाशी तिला लॉगबुक म्हणतात. वारा, वेग, दिशा, अपघात, मृत्यू, शिक्षा, सारे तीत ज्या त्या वेळी लिहिण्याचे बंधन कायद्याने कप्तानावर घातले आहे. प्रथम पाहता ही कारकुनी वाटते. परंतु ‘अँटेनॉर’ त्या मार्गाने आली नसती, तर ‘जेद्दा’चा खरा इतिहास कोणास कळला असता? कप्तानाची जबानी हाच इतिहास झाला असता, आणि बुडालेले यात्रेकरू मरणोत्तर खुनी ठरले असते. ज्याच्या हाती सर्व अधिकार, तोच एकटा साक्षीदार, हे समुद्रावरचे मोठे भय आहे. रोजनिशीने ते पुरते नाहीसे होत नाही. पण निदान त्यास लगाम बसतो.

आज निरनिराळ्या देशांचे कायदे या बाबतीत सारखे नाहीत. कप्तानाने जहाजाबरोबर बुडावे, असे इंग्लंडच्या वा हिंदुस्थानच्या कायद्याने कधी सांगितले नाही. स्वतंत्र भारताने १९५८ साली केलेल्या व्यापारी नौवहन कायद्यात टकरीनंतर थांबण्याचे व संकटात सापडलेल्यांस मदत करण्याचे कर्तव्य होते. आत्मबलिदानाचे कलम नव्हते. इटलीच्या १९४२ सालच्या नौकानयन संहितेने मात्र कप्तानाने जहाज सर्वांच्या शेवटी सोडावे असे स्पष्ट म्हटले आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रवासी जहाज जिलियो बेटाजवळ खडकावर आदळून ३२ माणसे मेली, आणि उतारू अडकलेले असता कप्तान होडीत गेला. त्यास सोळा वर्षांची शिक्षा झाली. १६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियात ‘सेवॉल’ बुडाले. उतारूंस जागीच राहण्याची सूचना देण्यात आली होती, आणि त्यांस बाहेर न काढता कप्तान निसटला. ३०४ जीव गेले, त्यांत बहुसंख्य शाळेची मुले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली, वाचवणे हाती असता न वाचवणे हा खूनच होय, असे ठरवून जन्मठेप कायम केली. तीन वर्षांच्या स्थगितीपासून जन्मठेपेपर्यंत कायदा १३५ वर्षांत चालून आला.

परंतु या वाटचालीला दुसरी बाजू आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. कप्तानावर सर्व जबाबदारी टाकणे हे इतरांस फार सोयीचे असते. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ ‘हेबेई स्पिरिट’ हे तेलवाहू जहाज नांगर टाकून उभे असता, दोर तुटलेला एक तराफा त्यावर येऊन आदळला आणि दहा हजार टनांहून अधिक तेल सांडले. जहाज उभे, आदळणारा दुसरा. तरी त्यावरील भारतीय कप्तानास व मुख्य अधिकाऱ्यास तेथे अडकवून ठेवण्यात आले. खालच्या न्यायालयात ते सुटले, वरच्या न्यायालयाने त्यांस तुरुंगात घातले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २००९ साली ते स्वदेशी परतले. ज्या देशाचे लक्षावधी लोक परक्या निशाणांखाली समुद्रावर चाकरी करतात, त्याने ही गोष्ट विसरता कामा नये. जहाज जुने कोणी ठेवले, उतारू जास्त कोणी भरले, वेळेची घाई कोणी लावली, हे प्रश्न पेढीपर्यंत पोचू नयेत म्हणून कित्येकदा कप्तानाचा बळी दिला जातो. ‘जेद्दा’च्या बाबतीतही होड्या अपुऱ्या असण्याचा दोष एकट्या क्लार्कचा नव्हता.

मग कप्तानाकडून मागावयाचे तरी काय? इतका इतिहास पाहिल्यावर मला वाटते, की कायदा त्याच्याकडून मरण मागत नाही, चमत्कार मागत नाही, आणि चूक होऊच नये असेही म्हणत नाही. वादळ दैवाचे आहे, हे मनुस्मृतीपासून सर्वांस मान्य आहे. कायदा मागतो ती केवळ उपस्थिती. ज्या माणसाच्या एका शब्दावर शेकडो लोक उठतात, बसतात, दोर ओढतात, पाणी उपसतात, तो माणूस तेथून नाहीसा झाला, म्हणजे जहाजातून एक उतारू कमी होत नाही. त्या शेकडो लोकांतील सुसूत्रता नाहीशी होते आणि मागे केवळ जमाव उरतो. अधिकार हा कप्तानास त्याच्या सुखासाठी दिलेला नसून या एका घटकेसाठी दिलेला असतो. चांगल्या हवेत भोगलेल्या हुकमतीचे देणे त्याला वादळात फेडावयाचे असते.

‘जेद्दा’च्या यात्रेकरूंनी हे कोणत्याही न्यायालयापेक्षा आधी ओळखले होते. होडीवर त्यांनी जे हाती येईल ते फेकले, त्यात केवळ राग नव्हता; करार मोडणाऱ्यास विचारलेला तो जाब होता. त्यांची नावे कोणत्याही निकालपत्रात आलेली नाहीत. तथापि कप्तान गेल्यावर तीन दिवस ते जहाज त्यांनी तरंगत ठेवले, आणि म्हणूनच आज आपणांस हा इतिहास लिहिता येतो.